सरांची वही आणि शहराचा वेढा

"पंखाच नडतो हो! वारा लागला की मुलं झोपणारच!"

ही कुरकुर कपाटाआडून माझ्या कानाशी आली. कपाटाच्या त्या बाजूला इतिहासाचे सर, या बाजूला ग्रंथालय सांभाळणारी मी, मध्ये जाडजूड कोशांचे खंड. सर पुस्तकांशी बोलतात. पुस्तकं उत्तर देत नाहीत, म्हणून मग मीच देते.

"सर, मागच्या वर्षी पंखा काढला होता की!"

"तेव्हा उकाड्याने झोपली, बाई!"

सरांच्या तासाला मुलं झोपतात म्हणून आमच्या कॉलेजने काय नाही केलं? दुपारचा तास सकाळी आणला. वर्ग बदलला. पडदे बदलले. बाक असे अरुंद केले, की डुलकी लागली तर माणूस थेट जमिनीवर! तर मुलं एकमेकांना टेकून झोपायला लागली. बदलली नाही ती एकच गोष्ट. सरांची वही! निळ्या पुठ्ठ्याची, सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलेली. सर ती उघडतात, मान खाली घालतात आणि वाचायला लागतात. मान वर येते ती थेट तास संपल्यावर.

हे प्राचार्य मॅडमना माहीत, मुलांना माहीत, तासाची घंटा देणाऱ्या शिपाईमामांनाही माहीत. पण सरांना सांगणार कोण? माणूस सोन्यासारखा! रोज न चुकता मला विचारतात, "बाई, गुडघा काय म्हणतोय?" अशा माणसाला 'तुमची वही' म्हणायला तोंड उघडावं, तर तोंडातून आपोआप 'पंखा' बाहेर पडतं.

आणि आता गुरुवारी तपासणी समिती येणार होती. ज्या विषयात मुलांना रस दिसणार नाही, तो विषय पुढच्या वर्षीपासून बंद! यादीत इतिहास पहिला.

"सर, काळजी सोडा," मी पदर खोचून म्हटलं, "तुमचा खेळ मी बसवते!"

खेळाचं खूळ मॅडमचं. तीन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच, "सांगून नाही, खेळवून शिकवा!" प्रत्येक विभागाला फर्मान सुटलं. साहित्यवाल्यांनी एका नायिकेवर खटला भरला, पण न्यायाधीशच रडायला लागल्यामुळे पुढची तारीख पडली. तत्त्वज्ञानवाल्यांचा पहिली चाल कोणाची यावर चार दिवस वाद चालला, आणि पाचव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की हाच आमचा खेळ. राहता राहिला इतिहास.

मी काही शिकलेली नाही. चोवीस वर्षांपूर्वी इथे पुस्तकं पुसायला आले. पुसता पुसता वाचायला लागले, आणि वाचता वाचता पुसायचं राहून गेलं. पण चारशे मुलांकडून वेळेवर पुस्तकं परत घेणाऱ्या बाईला एक शहर चालवणं काय कठीण?

खेळ असा. एका तटबंदीच्या शहराला शत्रूचा वेढा पडलाय. पाणी संपत आलंय. शहरात कुंभार, विणकर, पहारेकरी, भाकरी भाजणारा भटारी आणि शहराचा इतिहास लिहिणारा असे पाच पेशांचे लोक, वर एक राजा आणि एक-दोन गुपित कार्डं. पाणी चार पेशांपुरतंच. शेवटी एकाला वेशीबाहेर काढायचं. ग्रंथसूचीच्या जुन्या कार्डांमागे मी एकेक भूमिका लिहिली, दोरे ओवले. नियम तीन. एक, गळ्यात कार्ड असल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. दोन, माझ्या टेबलावरची घंटा वाजेपर्यंत किंवा निकाल लागेपर्यंत कोणी भूमिका सोडायची नाही. तीन, राजाचा शब्द शेवटचा.

तिसरा नियम लिहिताना राजा कोण होणार हे मला कुठे ठाऊक!

गुरुवारी बावीसच्या बावीस मुलं हजर! ग्रंथालयातली टेबलं ओढून तट झाला. शिपाईमामा हजेरीपट घेऊन आले, मी त्यांच्यापुढे कार्डांचा डबा धरला. कार्ड निघालं, 'राजा'. मुलांनी वर्तमानपत्राचा मुकुट चढवला, आणि मामा माझ्याच खुर्चीत असे बसले, जणू सव्वीस पिढ्या तिथेच बसत आलेत. मॅडम कौतुकाने डोकावल्या, त्यांना 'पाणीचोर' निघालं. इतिहास लिहिणाऱ्याचं कार्ड मात्र मी हातचलाखीने सरांना दिलं. खोटं का बोला!

आणि सर काय खुलले! वही पिशवीत, पिशवी खुंटीला. या टेबलावरून त्या टेबलावर जाताहेत, वेढ्यात लोक पिठात लाकडाचा भुसा मिसळून भाकरी कशी भाजायचे ते सांगताहेत. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला सगळे 'जांभई' म्हणतात. ती चक्क विचारत होती, "मग पोट नाही दुखायचं, सर?"

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात समिती आली.

तिघं होते. एक अध्यक्ष, एक सदस्यबाई आणि एक नुसतेच लिहिणारे. मी दारात डबा धरला. अध्यक्षांना वाटलं पाहुण्यांचा पास असेल. त्यांनी न वाचताच कार्ड गळ्यात घातलं आणि रुबाबात आत आले.

कार्डावर होतं, 'शत्रूचा हेर'.

"हेर! हेर!" पहारेकऱ्यांनी झडप घातली!

"अहो, मी अध्यक्ष आहे!"

"हेर असंच म्हणतात!"

दोन मिनिटांत अध्यक्ष कोशांच्या कपाटांमागे कैदेत! माझ्या तर पायाखालची फरशीच सरकली. घंटा वाजवून खेळ थांबवावा म्हणून टेबलाकडे धावले, तर टेबल रिकामं. घंटा गायब! कोपऱ्यातला पाण्याचा मोठा जारही गायब!

मॅडम दाराशी उभ्या होत्या, कपाळावर घाम, चेहऱ्यावर समाधान.

"मॅडम, घंटा द्या! ते खरे अध्यक्ष आहेत!"

"कोण मॅडम?" त्या कुजबुजल्या, "मी चोर आहे. दोन्ही माझ्या केबिनमध्ये, आणि किल्ली कुठे ते चोर सांगत नसतो!"

"अहो, पण..."

"भूमिका सोडायची नाही! कार्यशाळेत पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मी राजाकडे वळले. "मामा, पाया पडते, थांबवा हे!"

"घंटा कुठाय?"

"तुमची तासाची वाजवा की!"

"नियमात तुमच्या टेबलावरची लिहिलीय, ताई." मामांनी मुकुट सारखा केला. "एक दिवस उशीर झाला म्हणून माझ्या लेकीचं पुस्तक तुम्ही घेतलं नव्हतं. 'नियम म्हणजे नियम' म्हणाला होतात."

बारा वर्षं झाली त्याला!

तिकडे कपाटामागून आवाज आला, "निदान गोळी घ्यायला पाणी तरी द्या!"

सकाळी गाडीतून उतरताना याच अध्यक्षांनी मामांना "ए, बाजूला हो" म्हटलं होतं. राजा शांतपणे म्हणाला, "अर्ज करा."

अध्यक्षांनी अर्ज केला. राजाने उलटसुलट पाहिला. "तारीख नाही."

तारीख घातली. "दोन प्रती लागतील."

शेवटी सदस्यबाईंनी, म्हणजे आमच्या विणकरीणबाईंनी, स्वतःच्या बाटलीतलं पाणी चोरून कैद्याला पाजलं, आणि फितुरीबद्दल दंड म्हणून पाच मिनिटं एका पायावर उभ्या राहिल्या. हसत हसत! लिहिणारे गृहस्थ भराभर लिहीत होते. काय लिहीत होते, देव जाणे!

आता सुटकेचा मार्ग एकच, निकाल! मी ओरडले, "दरबार भरवा! प्रत्येकाने आपण शहरात का राहावं ते सांगायचं!"

कुंभार बोलला. भटारी बोलला. विणकरीणबाई तर अशा बोलल्या, की टाळ्या पडल्या. मग सर उठले.

समोर समिती, अध्यक्षही कपाटाच्या फटीतून पाहताहेत. विभागाचं मरण-जगणं याच घटकेला ठरणार. सरांचा चेहरा पांढरा पडला. हात नकळत खुंटीकडे गेला, पिशवीत शिरला.

निळा पुठ्ठा दिसला.

मान खाली. "प्रकरण पहिलं. इतिहासलेखनाचे स्वरूप व व्याप्ती..."

दुसऱ्या पानावर अध्यक्षांचं डोकं कोशाच्या सातव्या खंडावर टेकलं. लिहिणाऱ्यांचं पेन कागदावरून घसरत टेबलावर उतरलं. विणकरीणबाई डोळे ताणून बसल्या होत्या, पण नुसते ताणूनच. जांभईने जांभई दिली. आणि सवयीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी वर पंख्याकडे पाहिलं.

पंखा बंद होता.

सर वाचायचे थांबले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तासाच्या मध्ये त्यांची मान वर आली. झोपलेले अध्यक्ष दिसले, पेंगणारी मुलं दिसली.

"बाहेर इतिहास लिहिणाऱ्याने जायचं?" भटाऱ्याने हळूच विचारलं. एकेक हात वर होऊ लागला, कोणाच्याही नजरेला नजर न देता. जांभईचा हात अर्ध्यावर जाऊन खाली आला.

"शहराचा निर्णय मान्य आहे," सर म्हणाले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, वही छातीशी धरली आणि टेबलांच्या वेशीकडे निघाले. खेळातलं चालणं नव्हतं ते.

मी पुढे झाले. "सर, तसं नाही हो, तो पंखा..."

"पंखा बंद आहे, बाई," सर हळूच म्हणाले. "मग कारण काय?"

मॅडम किल्लीशी चाळा करत जमिनीकडे पाहत होत्या. मी पुस्तकांकडे.

खुर्ची करकरली. मामा उठले.

"थांबा, सर. राजाचा शब्द शेवटचा ना?" त्यांनी वहीकडे बोट केलं. "तुम्ही कुठेही जायचं नाही. ती वही वेशीबाहेर काढा! आज वहीशिवाय बोलत होतात, तेव्हा मी तासाची घंटा द्यायची विसरलो. वही उघडलीत, की दाराबाहेरच्या स्टुलावर बसून मीसुद्धा झोपतो, सर!"

सरांनी वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी गुडघ्याची चौकशी करतात तसं. "बाई, खरं आहे हे?"

आणि मी, चोवीस वर्षांत अर्धं ग्रंथालय वाचून काढलेली बाई, चटकन वळले आणि पंखा लावला.