इटलीचा किल्ला आणि उमाबाईंचे लग्न

टीव्हीच्या पडद्यावर धुके दाटले, त्यातून एक काळा दगडी किल्ला वर आला आणि अण्णांच्या चिखलोलीच्या घरी जमलेले आप्तस्वकीय बुचकळ्यात पडले. अण्णा व उमाबाई यांच्या लग्नाचा तो चाळिसावा वाढदिवस होता. कपाटात जिवापाड जपलेली लग्नाची कॅसेट चिरंजीव समीर याने पेन ड्राइव्हवर उतरवून आणली होती. सर्वांनी एकदमच पाहावी म्हणून कोणीही ती आधी उघडली नव्हती. उमाबाईंना त्यातून एकच गोष्ट हवी होती : दिवंगत वडिलांचे दर्शन. बाबांचे हलतेबोलते चित्र जगात अन्यत्र कोठेही नव्हते.

पडद्यावर एक गौरांगना मेणबत्ती घेऊन जिना उतरू लागली.

"वहिनी, हॉल केवढा मोठा घेतला होतात हो!" शेजारच्या माधवीताई म्हणाल्या.

"हॉल कसला डोंबलाचा! अहो, माझे बाबा कुठायत?" उमाबाई कडाडल्या.

अण्णांचे मात्र देहभान हरपले होते. लग्नाआधी उल्हासनगरातील कमलेशच्या व्हिडिओ लायब्ररीतून त्यांनी इटली-स्पेनचे कितीतरी भयपट आणून भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिले होते. ज्यांना जगाने उपेक्षेच्या अंधारात लोटले, त्यांची कदर अण्णांनी एकट्याने केली होती.

"बघा, बघा! रक्ताचा थेंब नाही, नुसतं दार करकरतंय. चंद्र पुठ्ठ्याचा आहे, पण भीती अस्सल!"

"पप्पा, पण हा लग्नाच्या डब्यात शिरला कसा?"

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. लग्नानंतर कमलेशकडून एका दिवसासाठी व्हीसीआर भाड्याने आणला होता. दुपारी सर्वांनी लग्न पाहिले, सायंकाळी अण्णांनी हा किल्ला. परत करताना कॅसेटींची अदलाबदल झाली असणार! पुढे घरात व्हीसीआर कधी आलाच नाही.

उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळले. अण्णांनी कमलेशला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्या कॅसेटबद्दल विचारले.

"अरे अण्णा, वो शादीवाली?" पलीकडून वृद्ध कमलेश उत्साहाने म्हणाला. "ती तर हिट होती! मी भित्रा आदमी, भूतवाला माल कधी बघितला नाही. डबा बघून द्यायचो. गिऱ्हाईक बोलायचे, इटलीची पिक्चर, पण मराठीत काय डबिंग केलंय!"

"आणि कोणी तक्रार नाही केली?"

"तक्रार? लोक पुन्हा पुन्हा नेत होते, भूत कोण ते शोधायला! शेवटी सगळ्यांचं एकमत झालं. कोपऱ्यातला काळ्या टोपीवाला बुढ्ढा. पूर्ण पिक्चरमध्ये बोलत नाही, फक्त डोळे वटारून एकेकाच्या पानाकडे बघतो."

उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत आहेत, असे वाटून अण्णा पुढे सरसावले. पण उमाबाई हसत होत्या.

"बाबाच ते! कोण दुसऱ्यांदा जेवायला बसलंय, ते बघत होते! कमलेशभाई, आहे का हो ती अजून?"

"भाभी, हिट माल कोण फेकतो?"

पुढच्या रविवारी सारे पुन्हा जमले. पंगत दिसली. कोपऱ्यातली काळी टोपी सावकाश वळली आणि दोन विस्फारलेले डोळे थेट पडद्याबाहेर रोखले गेले. युरोपातील समस्त पिशाच्चे निर्भयपणे पचवलेल्या अण्णांनी झटकन उशी तोंडावर ओढली.

"अहो, बघा की," उमाबाई डोळे टिपत म्हणाल्या, "किती प्रेमाने बघतायत तुमच्याकडे!"