तीन अप्पांची खोली

मागची खोली भाड्याने द्यायचं ठरलं आणि जावयाच्या अंगात कलाकार संचारला. निमित्त तसं गंभीर होतं. बायकोला बढती मिळाली होती, पण दुसऱ्या गावी. आणि वडिलांना एकटं सोडून जायला तिचं मन धजत नव्हतं. खोलीत चांगला भाडेकरू आला तर जायचं, नाहीतर बढतीवर पाणी सोडायचं, असं तिने जाहीर केलं होतं.

"मला सोबतबिबत नको," अप्पा कडाडले. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

जाहिरातीला फोटो हवा होता आणि तिथेच घोडं अडलं. खोलीच्या खिडकीत लख्ख ऊन, कोपऱ्यात कपाटापाशी मिट्ट काळोख. फोटो काढावा तर एकतर खिडकी पांढरीफटक, नाहीतर कपाट गायब.

"एचडीआर!" जावयाने चुटकी वाजवली. "एकाच जागेवरून तीन फोटो. एक अंधारा, एक मध्यम, एक भगभगीत. अंधाऱ्यातली खिडकी घ्यायची, भगभगीतातला कोपरा घ्यायचा, मधलं मधल्यातून. कॉम्प्युटर तिन्ही एकजीव करतो. कला आहे ही!"

"तेवढ्या वेळात खोली झाडून झाली असती," बायको म्हणाली.

त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला, थोड्या थोड्या वेळाने आपोआप फोटो निघतील अशी व्यवस्था केली आणि स्वतः दाराबाहेर पहारा देत उभा राहिला. "खबरदार कुणी आत पाऊल टाकलंत तर! काही हललं की सगळं मुसळ केरात."

मग संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर फोटोंचं रंगकाम चाललं. खिडकीतले ढग असे काही उठले की तो स्वतःवरच खूश झाला. ढगांच्या नादात बाकी काही बघायचं राहिलं. बायकोने सामान बांधता बांधता, न बघताच, तो फोटो जाहिरातीत टाकून दिला.

सकाळी पहिला फोन. "खोली छान आहे हो. पण ते तिघे म्हातारे खोलीबरोबरच येतात का?"

जावयाने फोटो उघडला. खिडकीशी बनियनमधले अप्पा. खुर्चीत शर्टातले अप्पा. कपाटापाशी टोपी-मफलरातले अप्पा. तिघेही अगदी ठसठशीत.

"अप्पा, तुम्ही आत आलात कुठून?"

"गॅलरीतून. तिथे कुठे पहारा होता?" अप्पा शांतपणे म्हणाले. "खटका वाजला म्हणून कळलं, फोटो निघतोय. बनियनवर बरं दिसतं का? शर्ट घालून बसलो. मग टक्कल आठवलं, म्हणून टोपी घ्यायला कपाटाशी गेलो."

दिवसभर चौकशीचे फोन आले आणि तीन म्हाताऱ्यांवर हसून बंद झाले. बायको हळूहळू बॅग रिकामी करू लागली. जावयाला ते बघवेना. आपल्या हौसेपायी हिच्या बढतीचा बळी गेला, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक निवृत्त तिकीट तपासनीस, हातात वळकटी. "खोली घेतली. भाडं सांगाल ते."

"अहो, आधी बघा तरी!"

"फोटोत बघितली की. बायको गेल्यापासून चौघांचा पत्त्यांचा डाव जमलेला नाही. इथे तिघे तयारच आहेत, चौथा मी." त्याने खिशातून पत्ते काढले आणि जुन्या सवयीने दारामागे, कपाटामागे डोकावून पाहिलं. "बाकीचे दोघे कुठे लपलेत?"

जावयाने मान खाली घालून सगळी कर्मकहाणी सांगितली. पाहुण्याचा चेहरा पडला. त्याने पत्ते परत खिशात टाकले आणि वळकटी उचलली.

"अहो, निघालात कुठे?" अप्पा आतून ओरडले. "दोघांत डाव होत नाही का? बसा! आणि पिसणार मी, सांगून ठेवतो."

आठवड्याने बायको नव्या गावी रुजू झाली, जावईही बरोबर गेला. पहिल्याच रविवारी अप्पांचा फोन आला. तिने धास्तावून जावयाच्या हातात दिला.

"जावईबापू, कधी येताय? तो कॅमेरा घेऊन या."

"का हो अप्पा? काय झालं?"

"हा रोज हरवतो मला. अजून दोन अप्पा पाहिजेत."