हवालदारांचा राग माझ्याकडे

धोंडीराम हवालदारांच्या वतीने मी पहिल्यांदा रागावलो तो एका म्हशीच्या मालकावर. म्हैस हवालदारांच्या उसात शिरली होती, हवालदारांनी ती धरून दारात बांधली होती, आणि मालक ती सोडवायला येऊन वर म्हणत होता, "जनावर हाय, त्याला काय कळतंय?" हवालदारांच्या कानशिलाची शीर टरारून फुगली. मग त्यांनी डोळे मिटले, डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवली आणि ओसरीवर वह्या तपासत बसलेल्या मला हाक मारली, "मास्तर, जरा हिकडं या. ह्या बाबावर भडकायचं हाय."

मी सांगलीचा. आमच्या गल्लीत भांडण सुरू झालं की आमच्या घरात आधी खिडक्या लावून घेत. मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "हे पाहा, आपण हे काही बरं केलं नाहीत." मालक माझ्याकडे नुसता बघत राहिला. म्हैससुद्धा बघत राहिली. हवालदार मान खाली घालून म्हणाले, "मास्तर, ह्यो राग हाय का निबंध?"

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. कऱ्हाड आणि पाटणच्या मध्ये, कोयनेच्या काठावरच्या एका गावात मी हायस्कुलात नोकरीला लागलो होतो. हवालदारांच्या घरात एक खोली भाड्याने घेतली होती आणि जेवणही त्यांच्याकडेच होतं. हवालदारांनी लष्करात ट्रक चालवण्यात उभी उमेद घालवली होती. आता पेन्शन आणि दोन एकर ऊस. त्यांचा आवाज गावात प्रसिद्ध होता. त्यांनी नदीच्या अलीकडे बैलाला 'हो' केलं, तर पलीकडचे बैल थांबत, असं लोक सांगत.

त्या आवाजानेच घात केला. मी येण्याआधीच्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या मुकादमावर ओरडता ओरडता ते मटकन खाली बसले. छातीत कळ. मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून चार गोष्टी सांगितल्या: मीठ कमी, तंबाखू बंद, रोज तीन मैल चालायचं, आणि रागवायचं नाही. निघताना आणखी एक सांगितलं, "पुढच्या वेळी असा भडका उडाला, तर मग माझ्या हातात काही नाही."

दुसरा कुणी असता तर एस.टी.तच तंबाखूचा बार भरला असता. पण हवालदारांचं म्हणणं, "आर्डर म्हंजे आर्डर. इंजान गरम होऊ द्याचं न्हाई." हृदयाला ते इंजानच म्हणत. दिवसातून दहा वेळा मनगट धरून ठोके मोजत आणि आकडा मोठ्याने जाहीर करत. जेवायला बसल्यावर, दाढी करताना, देवळात आरती चालू असतानासुद्धा. आमचे हेडमास्तर घरी आले तेव्हा हवालदारांनी पाणी द्यायच्या आधी त्यांची नाडी बघितली आणि म्हणाले, "सायेब, तुमी काय लय दिवस न्हाई." हेडमास्तर पाणी न पिताच गेले.

पथ्य हवालदारांना होतं, पण चूल एकच होती. सोनाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं, "दोन-दोन आमट्या कराया माजं काय हाटेल हाय?" तेव्हापासून रोग त्यांना आणि पथ्य मला असं सुरू झालं. ती आमटी जिभेला लागायची, पण कळायची नाही. पुढे हवालदारांनी सत्यनारायण घातला. तीस-पस्तीस माणसं पंगतीला बसली. पहिला घास तोंडात गेला आणि सगळ्यांचे हात एकदम खिशात गेले. जो तो मिठाची पुडी घेऊन आला होता. हवालदारांनी ते पाहिलं, मनगट धरलं, आकडा सांगितला आणि शांतपणे म्हणाले, "खावा गड्यांनो, खावा. लौकर जावा."

तंबाखू त्यांनी सोडली, पण मळणं सुटेना. जेवण झालं की रिकाम्या तळहातावर अंगठा घासायचे, दोन टाळ्या द्यायचे, फुंकर मारायचे आणि काहीच नसलेली चिमूट गालात ठेवायचे. थोड्या वेळाने उठून अंगणाच्या कडेला थुंकूनही यायचे. काकी म्हणायच्या, "हे बेस झालं. अंगण बी घाण हुईना."

खरी पंचाईत चालण्याची होती. शेतकरी माणूस दिवसभर चालतो, पण कामासाठी. कारणाशिवाय चालणारा माणूस खेड्यात कुणाला बघवत नाही. पहिल्या आठवड्यात हवालदारांना वाटेत भेटेल तो विचारायचा, "आवं, कुठं निघाला?" हे सांगायचे, "कुठं न्हाई." मग गावभर झालं की हवालदारांचं डोकं फिरलं. शेवटी त्यांनी तोड काढली. हातात दावं घेऊन निघायचं. दावं दिसलं की लोक समजत, जनावर सुटलंय. एकदा एक भला माणूस त्यांच्याबरोबर नसलेली कालवड शोधत दोन मैल आला. परतताना तो हळहळत म्हणाला, "हवालदार, सापडंल वो." त्या दिवशी यांनी मला सांगितलं, "खोटं बोललं की इंजान सा ठोकं जादा मारतंय. डाक्टरनं हे न्हाई सांगितलं."

राहता राहिला राग. तो ना सुटत होता, ना गिळता येत होता, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. म्हशीच्या प्रकरणात मी नापास झाल्यावर माझी शिकवणी सुरू झाली. घरामागे कडब्याची गंजी होती. रोज शाळा सुटल्यावर मी त्या गंजीवर ओरडायचं आणि हवालदारांनी बाजूला खाटेवर बसून चुका काढायच्या. "गळ्यातनं नगं! पोटातनं! मान वर! हात पाठीमागं कशाला बांधताय, पोरगी बघाया आलाय का?" शिव्यांना मात्र परवानगी नव्हती. शिव्या देणारा मास्तर बरा दिसत नाही, असं त्यांचं मत.

तीन-चार महिन्यांत मी तयार झालो. लायनमनवर रागावलो, पिठात खडे देणाऱ्या गिरणीवाल्यावर रागावलो, विहिरीवरची मोटार दुरुस्त करून आणखी बिघडवणाऱ्या मिस्त्रीवर तर असा रागावलो की हवालदारांनी काकींना सांगितलं, "आज मास्तर बरं पेटलं." लोकांनाही सवय झाली. माझं बोलून झालं की ते हवालदारांकडे वळून विचारत, "झालं का?" मग सगळे मिळून बिनसाखरेचा चहा पीत. हवालदारांची तब्येत सुधारत चालली होती. माझी बिघडत होती. रात्रीची झोप गेली, शाळेत पोरं मला टरकायला लागली, आणि सुट्टीत सांगलीला गेलो तर आई म्हणाली, "तू घरात असा ओरडून का बोलतोस रे?"

फक्त एका माणसावर मला कधी सोडलं गेलं नाही. तो म्हणजे सदू, हवालदारांचा धाकटा भाऊ.

दोघांची शेतं लागून, विहीर सामाईक. एक दिवस याची पाण्याची पाळी, एक दिवस त्याची. सात वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पाळीवरूनच जुंपली. सदूने यांच्या दिवशी पाणी घेतलं की यांनीच दिवस मोजण्यात चूक केली, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण हवालदार गावासमोर ओरडले होते, "आजपास्नं तू मला मेलास!" तेव्हापासून दोघांत शब्द नाही. हे खालच्या पाणंदीने जायचे, तो वरच्या. काकींची खात्री होती की नवऱ्याचा भडका उडवायची ताकद एकट्या सदूत आहे आणि तो भडका शेवटचा असेल. म्हणून बांधापलीकडून सदूच्या खोकल्याचा आवाज आला, की त्या रेडिओ मोठा करायच्या. हवालदार त्या वेळी मान खाली घालून रिकामा तळहात मळत बसायचे. मला वाटायचं, राग आवरतायत.

उन्हाळा लागला होता. एके दिवशी सकाळी काकी रानातून लगबगीने आल्या आणि स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "सदू हिरीच्या कडंला बसलाय. घामानं डबडबलाय आन छाती चोळतोय. मी इचारलं तर म्हणतोय, पित्त झालंय."

हळूच म्हणजे काकींच्या मानाने हळूच. ओसरीवर हवालदारांना सगळं ऐकू गेलं. ते दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, शाळंला रजेची चिठ्ठी पाठवा. आज सदूवर भडकायचं हाय."

"पाण्यावरून?" मी विचारलं.

"पानी गेलं खड्ड्यात. त्याला म्हणावं, आमचा बा असाच पित्त पित्त म्हणत गेला. चुलता बी तसाच गेला. तू आता त्याच वयाला आलायस. तंबाखू टाक. पापाड, लोणचं बंद कर. आन आत्ताच्या आत्ता मिरजंला चल म्हणावं. चांगलं पोटातनं वरडा."

"हवालदार, हे तुम्हीच का सांगत नाही? डॉक्टरांनी मनाई केली म्हणून?"

"डाक्टरला कोन भितंय?" ते दाराची चौकट धरून म्हणाले. "मागल्या टायमाला ह्याच तोंडानं त्याला मेलास म्हणलो, मास्तर. आज गेलो, आन तोंडातनं पुन्यांदा वंगाळ काय गेलं... आन ते खरं झालं तर?"

त्यांचा हात मनगटाकडे गेला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर मी या माणसाच्या पथ्यावर हसत होतो. त्यांना मरणाची भीती वाटते असं समजत होतो, आणि त्यांना भीती वाटत होती ती स्वतःच्या जिभेची.

मी गेलो. सदूभाऊ विहिरीच्या धक्क्याला टेकून बसले होते, चेहरा राखेसारखा. मी मान वर केली आणि पोटातून ओरडलो. तंबाखूवर ओरडलो, लोणच्यावर ओरडलो, बाप आणि चुलत्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यो राग तुमचा का दादाचा?"

"दादांचा."

"मग निम्मा वाटंत सांडला. दादा रागावला की ह्या हिरीतलं पारवं उडत्यात. त्याला म्हणावं, रागवायचं आसंल तर सोता ये. सात वर्सं मी हितंच हाय."

मी तसाच पळत परत आलो आणि निरोप सांगितला. काकी दारात आडव्या उभ्या राहिल्या, "तुमी जायाचं न्हाई!" हवालदारांनी त्यांना हाताने बाजूला केलं आणि पायात काही न घालता निघाले. खालच्या पाणंदीने नाही, सरळ बांधावरून. मागे मी, माझ्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन काकी.

विहिरीपाशी ते थांबले. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. हवालदारांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ओठ नुसते हलत होते. काकींनी माझा दंड घट्ट धरला.

आणि मग आवाज फुटला. "सद्या! ऊठ! कापडं घाल! आत्ता मिरजंला जायाचं!"

विहिरीतले पारवे भर्रकन वर आले.

"दादा," सदूभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "आज माजी पाण्याची पाळी हाय. उद्या लाईट आसंल नसंल."

हवालदारांनी धोतराचा काचा मारला, बाजूला पडलेलं खोरं उचललं आणि भावाच्या उसात शिरले. आतूनच मला म्हणाले, "मास्तर, ह्याला घिऊन तुमी जावा. पानी मी पाजतो. आन डाक्टर लौकर बघीना, तर भडका त्याच्यावर."

भडकायची वेळ आली नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी यंत्र लावून छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की वेळेत आणलंत, सांभाळलं तर पुष्कळ जगतील. मग तीच चार कलमं वाचून दाखवली. मीठ, तंबाखू, चालणं, राग. शिवाय काही दिवस रानात पाऊल टाकायचं नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही गावात पोचलो. घरी चला म्हटलं, तर सदूभाऊ ऐकेनात. आधी रान बघायचं म्हणाले. हवालदार अजून उसातच होते, गुडघ्यापर्यंत चिखल. आम्हाला बघून बाहेर आले आणि भावाकडे न बघता मला विचारलं, "काय म्हणला डाक्टर?" मी सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. चिखलाच्या हाताने पुसले, त्यामुळे तोंडभर चिखल झाला.

सदूभाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बांधावरून सऱ्या बघत होते, आणि एकाएकी त्यांनी असा आवाज काढला की हा खरोखर हवालदारांचाच भाऊ आहे याबद्दल माझी शंका फिटली.

"हे काय केलंस दादा? त्या कोपऱ्याला पानीच न्हाई! हिकडं सरी फोडलीस! डोळं फुटलं व्हतं काय तुजं? शेतकऱ्याच्या पोटी जल्मलास आन पानी पाजायची अक्कल न्हाई!"

मी घाबरून पुढे झालो. "सदूभाऊ, शांत व्हा. डॉक्टरांनी तुम्हाला रागवायला..."

हवालदारांनी मला हाताने मागे सारलं. खोऱ्याला टेकून, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखे ते भावाची बोलणी खात उभे होते, आणि चिखलाने माखलेल्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"तुमी गप ऱ्हावा मास्तर," ते म्हणाले. "बोलू द्या त्याला. सात वर्सं झाली."