कन्फर्म की वेटिंग?

साळवेकाका लिफ्टमध्ये भेटले की आधी तब्येत विचारतात आणि मग, "तुझ्या अंत्यविधीला कोणतं गाणं? कन्फर्म की अजून वेटिंग?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली दुधाची पिशवी पडायचीच बाकी होती. म्हटलं, "काका, शुभ बोला की हो! आणि आमच्यात कुठे गाणी असतात?"

"नसतात? मग लोक करतात काय? मोबाइल बघत बसतात! चलो, तुझ्यासाठी एखादं भजन बघतो."

काका मूळचे नगरचे, ख्रिस्ती, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. पळून जाणार कुठे? त्यांच्या चर्चमध्ये माणूस गेला की सगळे मिळून गातात. एकदा घरच्यांचं काही ठरेना, म्हणून कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं आणि ऐन रडारडीत बनियनची जाहिरात सुरू झाली! तेव्हापासून काकांनी वसाच घेतला. चर्चमधल्या यच्चयावत जिवंत माणसांची यादी केली आणि प्रत्येक नावापुढे त्याचं गाणं. धडधाकट माणसाला सकाळी सातला फोन करून विचारायचे, "काय ठरलं?" पाद्रीबाबासुद्धा त्यांना लांबून बघितलं की खांबाआड जात.

खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा शोकसभेला भाड्याने आणलेला भजनवाला माइकवरून म्हणाला, "पीछेवाले भी ताली बजाइए!" काका ताडकन उठले, "भाईसाब, शादी नहीं है!" मी तोंडात पदर कोंबून बसले. काकूंनी मात्र शांतपणे त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं. चाळीस वर्षं त्या माउलीने हेच केलं.

गेल्या जानेवारीत काकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त.

दुसऱ्या दिवशी अकराला विधी होता. गाणाऱ्यांचे फोनवर फोन येत होते, कोणतं गाणं घ्यायचं? आदल्या दुपारी काका यादी घेऊन आमच्या दारात आले. म्हणाले, "जरा बघ गं, मला काही सुचत नाहीये."

मी सगळी पानं चाळली. माझंसुद्धा नाव होतं, पुढे 'वेटिंग'. काकूंचं नव्हतं.

"काका, तुम्ही काकूंना विचारलं नाहीत?"

"तिचं नाव या यादीत कसं लिहू गं?"

मी यादी मिटून ठेवली. मग तेच म्हणाले, "तुझ्याबरोबर उन्हात मटार सोलत बसायची. काही म्हणायची का?"

काकू एक चाल गुणगुणायच्या. शब्द नव्हतेच तिला. माझा गळा तो काय, तरी मी म्हणून दाखवली.

"हे?" काका खुर्चीत बसले. "हे तर रोज चालायचं घरात. मी म्हणायचो, अगं गप्प बैस, बातम्या ऐकू येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ती चाल कुणालाच येईना. मग काका स्वतः उभे राहिले आणि गुणगुणू लागले. सुरुवात झाली आणि अडले. पुढचं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि भीतीपोटी भराभर पुढचं म्हणू लागले.

काकांनी माझा हात धरला.

"हळू म्हण गं," ते म्हणाले. "मला ऐकायचंय."