दोनदा म्हणणारे अण्णा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अण्णांना तुम्ही काहीही नवीन सांगा, ते ती गोष्ट मोठ्याने दोनदा म्हणतात. बँकेने माझी बनारसला बदली केली आणि मी ब्रह्मा घाटावर त्यांच्या घरात भाड्याने राहायला आले, त्याच दिवशी त्यांना मोबाईलवरून फोटो पाठवायला शिकवलं. मी म्हटलं, "हे हिरवं बटण दाबायचं." अण्णा ताठ बसून म्हणाले, "हे हिरवं बटण दाबायचं, हे हिरवं बटण दाबायचं." मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. अण्णांचा जन्म वेदपाठशाळेत शिकवण्यात गेला. तिथे गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्याने दोनदा. याला संथा म्हणतात. दोनदा म्हटल्याशिवाय शिकलेलं अंगी लागत नाही, असं त्यांचं ठाम मत.

रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळेला खालून त्यांचा पाठ ऐकू येई. एक ओळ, मग शांतता, मग पुढची ओळ. पंचाहत्तरी उलटलेली, दम लागत असेल, असं मी ठरवून टाकलं. निष्कर्ष काढण्यात मी फार चटपटीत आहे.

मी आले त्याच सुमारास पाठशाळेत विद्यार्थीच उरले नाहीत. दोन वर्षं अण्णा घरात बसले आणि मग शेती शिकायला निघाले. शेत नाही, बैल नाही, जन्मात खुरपं हातात धरलेलं नाही. गंगेपलीकडच्या एका गावात फूलमती नावाची साठीची शेतकरीण दर रविवारी वर्ग घेते. फवारे आणि पोत्यातली खतं न वापरता, माती, किडे, झाडं आणि जनावरं यांचा मेळ सांभाळून कसं पिकवायचं, ते शिकवते. वर्गाच्या पत्रकावर 'कृषी-पारिस्थितिकी' असा शब्द छापला होता. तो न अडखळता म्हणणारे वर्गात एकटे अण्णा. त्यावर ते महिनाभर खूश होते.

फूलमती सांगे, "माटी उघार मत छोड़ा." माती उघडी टाकू नका. अण्णा लगेच दोनदा. वर्गातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. घरी येऊन अण्णा ते सगळं मराठीत बसवत आणि वेदपाठासारखं उलटसुलट घोळवत. "माती झाकावी, झाकावी माती, माती झाकावी, मिश्र पेरावं" असं म्हणत ते जिना चढत, आणि हातातली भाजीची पिशवी मला घ्यावी लागे.

सगळं पाठ झाल्यावर त्यांनी फूलमतीला विचारलं, "पुढच्या तुकडीला मी शिकवू?"

ती म्हणाली, "पंडितजी, पहिले आपन माटी जिया के देखावा." आधी स्वतःची माती जिवंत करून दाखवा.

अण्णा हट्टाला पेटले. त्यांना एक वेळचं जेवण नसतं मिळालं तरी चाललं असतं, पण समोर शिकणारं कुणी नाही हे चालत नव्हतं. गच्चीवर विटांचा वाफा उभा राहिला. त्यात बांधकामावरची उरलेली माती पडली, जिच्यात गवतसुद्धा उगवायला तयार नव्हतं. तिच्यासाठी अण्णांनी जीवामृत, म्हणजे आंबवलेलं पातळ खत, करायला घेतलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन ही यादी ऐकून त्यांना तो नैवेद्यच वाटला. त्यांनी पिंप सोवळ्यात ठेवलं. कुणाचा हात नको, सावली नको, म्हणून झाकण घट्ट लावून वरून सुतळीने करकचून बांधलं.

फूलमतीने झाकण सैल ठेवायला सांगितलं होतं, पण त्या रविवारी अण्णा एकादशीच्या फराळामुळे उशिरा पोचले होते. चौथ्या दिवशी दुपारी पिंपातल्या वायूने झाकण उडवलं. दोरीवर माझ्या दोन साड्या होत्या. मी धावत गच्चीवर गेले तर अण्णा दाढीवरून शेणकाला निथळत उभे, आणि स्वतःशीच म्हणत होते, "झाकण घट्ट लावू नये, झाकण घट्ट लावू नये."

"आणि माझ्या साड्या?" मी विचारलं.

"अगं, रुक जरा," ते म्हणाले, "आधी हे पक्कं होऊ दे."

दुसरं पिंप नीट झालं. 'घरातलं घरात फिरवावं' म्हणून वाळका पाला आणि स्वयंपाकघरातली सालं वाफ्यावर पडली, वांग्याशेजारी झेंडू आला, मधे चवळी. वेलावर मावा पडला तेव्हा त्याला खाणारा किडा येईल म्हणून अण्णा चार दिवस खुर्ची टाकून बसले. पाचव्या दिवशी तो आला. अण्णांनी मला ऑफिसात फोन करून कळवलं.

थंडीत फूलमती स्वतः आली. तिने पाला बाजूला केला, मूठभर माती उचलली, हुंगली. मातीत एक गांडूळ वळवळत होतं. अण्णांचे हात मागे एकमेकांत घट्ट धरलेले.

"जान हौ," ती म्हणाली. "एतवार से आप सिखावा." मातीत जीव आलाय, रविवारपासून तुम्ही शिकवा.

शनिवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. अण्णा माझ्याकडे पाठ करून वाफ्यासमोर बसले होते, उद्याची तयारी चालली होती.

"माती उघडी ठेवू नये." शांतता. "एकटं पीक घेऊ नये." शांतता.

रोज खालून ऐकू येणारी तीच शांतता. त्या दिवशी मी ती मनात मोजली. तिच्यात ती ओळ बरोबर दोनदा बसत होती.

त्यांना दम लागत नव्हता. इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या खोलीत रोज एक ओळ म्हणत होता आणि दोनदा म्हणणाऱ्यासाठी जागा सोडत होता. मी वर चहा पीत बसले होते. माझी मलाच लाज वाटली.

"घरातलं घरात फिरवावं," अण्णा म्हणाले आणि थांबले.

हातात ओली साडी तशीच धरून मी म्हटलं, "घरातलं घरात फिरवावं, घरातलं घरात फिरवावं."

अण्णांनी वळून पाहिलं नाही.

"शेवटचा शब्द खाऊ नकोस," मग ते म्हणाले. "पुन्हा म्हण."