दुपारची गोळी

वेदना सोसण्यातच माणसाची खरी उंची दिसते, असं दिगंबर चिटणीसांचं ठाम मत होतं. अडचण एवढीच, की हर्नियाचं ऑपरेशन होऊनही त्यांना म्हणावी तशी वेदना होत नव्हती.

"गुंगीचं औषध नको," डॉक्टर सान्यालांनी घरी सोडताना बजावलं होतं. "ही पॅरासिटामॉल, ही सुजेची. दुखो, न दुखो, वेळच्या वेळी घ्यायची." परिणामी दिगंबरराव बालीगंजच्या फ्लॅटमध्ये निवांत पेपर वाचत होते. आणि संध्याकाळी महाराष्ट्र मंडळाचे लोक त्यांना बघायला येणार होते.

बघायला म्हणजे काय बघायला? गेल्या वर्षी उदय राजवाड्यांचं पित्ताशय काढलं, तेव्हा ते असे विव्हळले होते की कोलकात्यातली समस्त मराठी मंडळी अजून हळहळत होती.

"प्रेमा, दुपारची गोळी मी घेणार नाही."

"का?"

"ही तापाची गोळी आहे! माझं पोट कापलंय, सर्दी नाही झालेली."

"अहो, दुखेल."

"दुखू दे! माझं दुखणं आहे, मला हवंय. त्या सान्यालला काय विचारायचं!"

"मग रडू नका," म्हणत प्रेमलताबाईंनी गोळी बशीत ठेवली आणि त्या आडव्या झाल्या.

दुखणं वेळेवर आलं. पाहुणे आले नाहीत. मंडळी एस्प्लनेडला जमून बसने निघाली होती आणि नेमका तिथेच मोर्चा होता. दिगंबररावांनी बारीक कण्हून पाहिलं, छान जमलं. मग शिंक आली. त्यानंतरचं कण्हणं आपोआप झालं.

"कुठवर आलेत, विचार गं!"

"बस हललेली नाही म्हणे."

"...गोळी आण."

"बशीत आहे."

"ही माघार नव्हे, सांगून ठेवतो!"

पाहुणे पोचले तेव्हा दिगंबरराव पलंगावर ताठ बसून मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, खात होते.

"झालंय ना ऑपरेशन? की पुढल्या आठवड्यात?" उदयरावांनी दारातूनच विचारलं आणि संदेश मिठाईचा पुडा टीपॉयवर ठेवायला ते वाकले. वाकले ते वाकलेच. बसमध्ये इतका वेळ उभं राहून पाठीत उसण भरली होती.

पलंग रिकामा करावा लागला. उदयराव त्यावर विव्हळू लागले. कुणी उशी दिली, कुणी पेपरने वारा घातला. दिगंबररावांनी सदरा वर करून टाके दाखवायला सुरुवात केली.

"अहो, बाजूला व्हा जरा," मंडळाच्या अध्यक्षा विजयाताई म्हणाल्या. "त्यांना हवा लागू द्या."

चहा दिगंबररावांनी केला.