हिरामावशी बसायला शिकतात

हिरामावशी आपल्या डाव्या पायातल्या कळेला सावित्री म्हणत. डॉक्टरांनी ‘सायटिका’ म्हटलं, ते मावशींच्या कानात सावित्री होऊन शिरलं आणि तिथंच राहिलं. "आज सावित्री मांडीपर्यंतच हाय," असं त्या सकाळी ओट्यावरून जाहीर करत. पोटरीपर्यंत उतरली असेल, तर त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

मी डहाणूजवळच्या वरोरला मास्तर होतो. दोन हजार सोळापासून तीन वर्षं त्यांच्याकडे भाड्यानं राहिलो. मावशींचं सुक्या मासळीचं काम. बोंबील सुकवायचे आणि दर आठवड्याला तलासरीच्या बाजारात नेऊन विकायचे. टोपल्या उचलता उचलता कंबर गेली. सून डहाणूलाच माल विकू लागली आणि तलासरी सुटलं.

योगाची सुरुवात टीव्हीनं केली. टीव्हीतल्या माणसानं पाय पसरून, वाकून अंगठे धरले. मावशींनीही धरले. मग त्यांना सरळच होता येईना. सुनेनं आणि मी मिळून त्यांना कुशीवर आडवं केलं. "मी अंगठे सोडले, पण सावित्री मला सोडत नाय," त्या कण्हत म्हणाल्या.

मग डहाणू रोडला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. बाईंनी मावशींचं पुढं वाकणं बंद केलं. पालथं पडून नुसतं कोपरांवर छाती उचलायची. कळ पायातून वर कंबरेकडे सरकली तर चालेल, खाली बोटांकडे गेली की थांबायचं. आणि सलग बसायचं नाही. दहा मिनिटं झाली की उठून चालायचं.

वाळत टांगलेल्या बोंबलांखाली चटई घालून मावशी नागासारखं डोकं वर काढू लागल्या. चार मांजरं समोर येऊन बसत. त्या उंचीवर मावशी त्यांना बरोबरीच्या वाटत असाव्यात. शेजारीण कमरेत वाकून बादली उचलताना दिसली, की कुंपणावरून हाक जाई, "अगं शेवंते, गुडघ्यात वाक! तुझी सावित्री अजून झोपलीय, उठवू नको तिला!"

मला कोडं होतं ते त्यांच्या बसण्याचं. रोज दुपारी जमिनीवर गोणपाटाची घडी घालून, समोर माझं गजराचं घड्याळ ठेवून त्या बसत. दर आठवड्याला एक मिनिट वाढवत. पायाला मुंग्या आल्या की उठत.

"घरात खुर्ची आहे की. जमिनीचा हट्ट कशाला?" मी एकदा विचारलं.

"बाजारात जानी असते," त्या म्हणाल्या.

जानीबाई तलासरीकडच्या एका पाड्यावरची. बावीस वर्षं यांच्या शेजारी बसून रानभाजी विकलेली.

"आमचे हे गेले तेव्हा घरात रडले नाय, पोरं होती. बाजारात तिच्याजवळ बसून रडले. ती काय बोलली नाय. माझं गिऱ्हाईक सांभाळलं तिनं."

चाळीस मिनिटं जमली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून मी मावशींना जीपनं तलासरीला नेलं. वाटेत दोनदा थांबून त्यांना चालवलं. जागेवर जानीबाई नव्हती, तिची लेक होती. आईला आता दिसत नाही, ती पाड्याबाहेर पडत नाही, असं तिनं सांगितलं. "बोंबीलवाली हिरा आली होती का, म्हणून दर बाजाराला विचारते."

मावशी लेकीशेजारी बसल्या. "किती लांब गं घर?"

"टमटमनं अर्धा तास. मग चढ हाय, चालत."

मावशींचा हात पोटरीवर गेला. थोड्या वेळानं त्या उठल्या, बोंबलांची जुडी लेकीच्या मांडीवर ठेवली आणि जीपकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो, तर त्या गोणपाटावर बसायच्या तयारीत होत्या. घड्याळ माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "गुरुजी, एक्केचाळीस लावा."

मी गजर लावला.

"जानीकडे खुर्ची नसेल ना?"

"असेलही एखादी."

"असली तरी ती खालीच बसणार. मी वर बसले, तर तिला कळायचं कसं, मी शेजारी हाय ते?"